सवयीचं माप पावसाळ्यात घ्या

ह्या महिन्यात आलेली पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी समोर येत होती. गावं वेगळी, कामं वेगळी, पण सगळ्यांचं म्हणणं तेच, ठरवलं होतं, सुरूपण केलं होतं, मग सुटलं. म्हणून ह्या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवते आणि ह्याच विषयावरची चार पत्रं घेते. नावं छापत नाही.

प्रश्न: ताई, मी हर्णैजवळ राहते, वय ४७. घरगुती खानावळ आहे आणि दोन खोल्या पर्यटकांना देतो. डिसेंबरात डॉक्टर म्हणाले शुगर बॉर्डरवर आहे, चालायला लागा. १ जानेवारीपासून पहाटे साडेपाचला उठून किनाऱ्यावर पाच किलोमीटर चालायला सुरुवात केली. अकरा दिवस मस्त गेले. मग पाहुण्यांची गर्दी झाली, दोन्ही वेळेला बारा-पंधरा पानं, चालणं बंद. मार्चला परत सुरू केलं, शिमग्यात बंद. मे महिन्याचं तर विचारूच नका. आता पाऊस, कुठे चालणार? मिस्टर म्हणतात तुझ्यात चिकाटीच नाही. खरंच नाही का हो?

आधी ह्या चिकाटीचं बोलूया, कारण ते वाक्य मला फार लागलं. जी बाई रोज लिलावावर जाऊन मासळी आणते, साफ करते, पंधरा माणसांचं दोन वेळचं रांधते आणि रात्री ओटा धुऊनच झोपते, तीही वर्षानुवर्षं, तिच्यात चिकाटी नाही असं कोण म्हणेल? मिस्टरांना हे पत्र उघडून दाखवा.

चुकलंय ते माप. तुम्ही सवयीचं माप जानेवारीत घेतलंत. आपल्याकडे जानेवारी म्हणजे काय असतो, हवा गार, अंगण कोरडं, पहाटे किनाऱ्यावर कोणी नाही, अशा दिवसात पाच किलोमीटर काय दहापण होतात. पण कोकणात असे दिवस वर्षाला दोनच महिने, बाकी वर्षात शिमगा आहे, आंबा आहे, मे महिन्यातली सगळी माहेरची-मुंबईची माणसं आहेत, मग आगोटीची म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची तयारी, मग चार महिने पाऊस आणि त्यातच गणपती. जानेवारीच्या मापाचा कपडा आषाढात अंगाला बसणार नाही ना. म्हणून माझं म्हणणं असं की सवय ठरवताना डोळ्यासमोर वर्षातला सगळ्यात वाईट दिवस आणा. पाऊस कोसळतोय, लाइट गेलीय, घरात आठ पाहुणे आहेत आणि कंबर धरलीय, त्या दिवशी किती जमेल? तेवढंच ठरवा. चांगल्या दिवशी जास्त झालं तर झालं, पण ठरवायचं तेवढंच.

तुमच्या बाबतीत मला वाटतं ते माप म्हणजे जेवणानंतर पडवीत दहा मिनिटं. हसू नका, ह्याला आधार आहे. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात २०१६ मध्ये एक अभ्यास झाला, टाइप २ मधुमेह असलेली ४१ माणसं होती. त्यांना काही दिवस सांगितलं की रोज कधीही सलग ३० मिनिटं चाला, आणि काही दिवस सांगितलं की प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं चाला. चालणं दोन्हीकडे तेवढंच, पण जेवणानंतर चालले तेव्हा जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्क्यांनी कमी भरली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर फरक अजून मोठा होता. म्हणजे पहाटे साडेपाचचा हट्टच नकोय. तीन वेळा दहा मिनिटं म्हणजे आठवड्याची २१० मिनिटं होतात, जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं जरा भरभर चालण्यासारखा व्यायाम करा म्हणते, तेवढं सहज होऊन जातं. आणि पडवीला छप्पर आहे, पाऊस पडू दे.

आता हे लक्षात कसं राहायचं, तर त्याला एक खुंटी लागते. "मी चालेन" असं म्हणून होत नाही, कधी आणि कुठे ते आधीच बांधून टाकावं लागतं. पीटर गोलविट्झर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी ह्यावर बरंच काम केलंय, "अमुक झालं की मी तमुक करेन" असं नेमकं ठरवणाऱ्या माणसांच्या हातून काम पार पडायची शक्यता जास्त असते असं त्यांना दिसलं. तुमची खुंटी मी सांगू का? तुम्ही सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवता, आणि जेवलात की लगेच भांड्यांकडे वळता, हो ना? तर जेवून हात धुतले की टॉवेल खांद्यावर टाकायचा आणि आधी पडवी, मग भांडी. भांडी दहा मिनिटं थांबतील. सकाळच्या नाश्त्यानंतर नाहीच जमलं तर सोडा, दुपार आणि रात्र धरून ठेवा. आणि अगदीच वाईट दिवस असेल तर पडवीच्या फक्त दोन फेऱ्या मारा, त्या दिवशी त्या दोन फेऱ्या शुगरसाठी नाहीत, खुंटी ढिली होऊ नये म्हणून आहेत.

अजून एक, ते २१ दिवसांचं. सगळीकडे सांगतात की २१ दिवस केलं की सवय लागते, आणि मग बावीसाव्या दिवशी कंटाळा आला की माणसाला वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. हे २१ आलं कुठून तर मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० मध्ये लिहिलं होतं की ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस तरी जातात. त्यातलं "कमीत कमी" गळून गेलं आणि चेहऱ्याचं ऑपरेशनही गळून गेलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांना १२ आठवडे नवीन सवय लावायला सांगून नोंदी घेतल्या, तर सवय अंगवळणी पडायला मधलं माप ६६ दिवस आलं, आणि कोणाला १८ तर कोणाला हिशेबाने २५४ दिवस लागतील असं दिसलं. म्हणजे तुम्ही अकरा दिवसांनी थांबलात तेव्हा सवय मोडली नव्हती, ती लागलीच नव्हती. आणि त्याच अभ्यासात हेही दिसलं की मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपण एक दिवस चुकला की उपास मोडल्यासारखं करतो, मोडलाच आहे तर आता खाऊनच घेऊ. तसं नाहीये हे.

माझंच सांगते. निवृत्त झाल्यावर गुडघ्याने पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढवेना, डॉक्टरांनी मांडीचे स्नायू बळकट करायला व्यायाम दिले, अर्धा तास, चटई घालून. चटई घालायची म्हणजे आधी केर काढायचा, मग दार लोटायचं, तेवढ्यात कोणीतरी हाक मारायचं. महिनाभर काहीच झालं नाही. मग मी त्यातला एकच व्यायाम उचलला, खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरायचा, आणि तो चहाच्या आधणाला बांधला. गॅसवर पाणी ठेवलं की खुर्ची ओढायची, पाणी उकळेपर्यंत उजवा पाय, पावडर टाकून झाकण ठेवलं की डावा. चहा काय मी दिवसातून तीनदा पितेच. आता चार वर्षं झाली आणि आज आधण ठेवलं की पाय आपोआप वर जातो. पाखाडी चढते, मधे एकदा थांबते.

तीन महिन्यांनी शुगर परत तपासा, आणि डॉक्टरांनी औषध किंवा पथ्य दिलं असेल तर ते माझ्या पडवीच्या भरवशावर सोडू नका.

प्रश्न: ताई, मी २२ वर्षांचा आहे, मालवणचा. वडलांबरोबर बोटीवर जातो. बारावीनंतर शिक्षण सुटलं होतं, आता मुक्त विद्यापीठातून बीए करतोय, दुसरं वर्ष. ठरवलं होतं की मासेमारी बंदीच्या दोन महिन्यात सगळा अभ्यास उरकायचा, रोज आठ तास. अर्धी बंदी संपली आणि एक पुस्तक पण उघडलं नाहीये. दिवसभर फाटकी जाळी तुणायला बसतो आणि रात्री मोबाईल हातात घेतला की एक वाजतो. स्वतःचाच राग येतो. काय करू?

अरे, राग कशाला करतोस. बोटीवर जाऊन मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरणारा मुलगा तू, मला तुझं पत्र वाचून खरंच बरं वाटलं.

बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. रोज आठ तास म्हणजे ४८८ तास. ज्याची पुस्तक घेऊन बसायची सवयच सुटलीय तो एकदम आठ तास कसा बसेल, पाठीला तर सवय नाहीच पण डोक्यालाही नाही. आणि मग आठ तास जमत नाहीत म्हणून शून्य तास होतात. तू आठ तास विसर. दोन पानं. खरंच, रोज दोन पानं, आणि शेवटी वहीत स्वतःच्या शब्दात तीन ओळी. पुढे वाचावंसं वाटलं तर कोणी अडवलंय.

आता दोन पानांनी काय होणार असं तुला वाटेल म्हणून तुला आपल्याच मातीतलं एक उदाहरण देते. भारतरत्न पां. वा. काणे, चिपळूणजवळच्या परशुरामच्या भागातला जन्म, १८८० सालचा, शाळा दापोलीला. मुंबई हायकोर्टात वकिली करायचे. ती करता करता त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास इंग्रजीत लिहिला, पहिला खंड १९३० ला आला आणि शेवटचा १९६२ ला, तेव्हा ते ८० च्या पुढे होते. सगळी मिळून साडेसहा हजारांच्या आसपास पानं. मी एकदा कागदावर हिशेब केला होता, बत्तीस वर्षं म्हणजे ११,६८८ दिवस, म्हणजे दिवसाला साधारण अर्धं पान. आणि पहिल्या खंडाचं काम १९३० च्या आधीचं धरलं तर त्याहूनही कमी. त्या अर्ध्या पानामागे वाचन डोंगराएवढं होतं हे खरं, पण तेही एका बैठकीत झालेलं नाही ना. मी शाळेत शिकवत असताना हा हिशेब दरवर्षी सातवीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवायचे आणि वर्ग गप्प व्हायचा.

मोबाईलचं म्हणशील तर तो हातात असताना मनाला आवरणं हे कोणालाच जमत नाही, मलाही नाही, त्यामुळे तिथे जोर लावू नकोस. जोर लावायचा तो अंतरावर. रात्री जेवलास की मोबाईल चार्जिंगला स्वयंपाकघरात लावायचा, आईच्या डब्यांच्या फळीवर, आणि तू झोपतोस तिथे उशाशी पुस्तक उघडं पालथं घालून ठेवायचं, बंद नाही, उघडं. मोबाईल घ्यायचा तर उठून जावं लागेल, पुस्तक नुसता हात लांबवला की मिळेल. सगळी युक्ती एवढीच आहे, जे करायचंय ते जवळ आणि सोपं, जे टाळायचंय ते लांब आणि खटपटीचं. अलार्मचं कारण सांगू नकोस हं, अलार्मला जुनं घड्याळ घे.

आणि १ ऑगस्टनंतर काय, हे आत्ताच ठरव, कारण बोट सुटली की दिनक्रम परत उलटासुलटा होणार. तुझी खुंटी बोटीवरच शोध. जाळं टाकलं आणि ओढायला अजून वेळ आहे तेव्हा सगळे एकतर झोपतात किंवा गप्पा-गजाली करतात, त्यातली वीस मिनिटं तुझी. पुस्तक खाऱ्या पाण्याने खराब होईल म्हणून बंदरातून निघायच्या आधी पुढच्या आठ-दहा पानांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेव. खोल समुद्रात रेंज नसते, तिथे तोच मोबाईल तुझं पुस्तक होईल. तांडेलाला, बोटीच्या म्होरक्याला, आधी सांगून ठेव म्हणजे कोणी चिडवणार नाही, आणि चिडवलं तरी दोन-तीन फेऱ्यांनंतर त्यांनाही त्याची सवय होईल.

उरलेल्या बंदीत जाळी तुणताना कानात काही ऐकता येतं का बघ. हात कामात असले तरी कान मोकळे असतात, एखादा धडा स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड करून ऐक. आणि परीक्षा झाली की मला कळव, निकाल काहीही लागो.

प्रश्न: देवगडला आमची हापूसची छोटी बाग आहे. पैसा येतो तो एप्रिल-मे मध्ये, एकदम. मग फवारणीची उधारी, दुरुस्ती, शाळेची फी, गणपती, आणि दिवाळीपर्यंत हातात काही राहत नाही. दर महिन्याला थोडं थोडं बाजूला टाका असं सगळे सांगतात, पण दर महिन्याला पैसाच येत नाही तर टाकणार काय?

वहिनी, तुमचं बरोबर आहे. महिन्याची सवय ही पगारदार माणसाची आहे, बागायतदाराची नाही. तुमची खुंटी महिन्यावर नाही, पट्टीवर म्हणजे दलालाच्या विक्रीच्या हिशेबावर असायला हवी. वाशीच्या बाजारातून दलालाची पट्टी आली आणि पैसे खात्यात जमा झाले की त्याच दिवशी, उधारीवाल्याला फोन करायच्याही आधी, हजारामागे ५० रुपये दुसऱ्या खात्यात वळवायचे. एटीएम कार्ड नसलेलं खातं असेल तर उत्तम. हजाराला ५० कोणाला बोचत नाहीत, पण हंगामात तीन लाखाच्या पट्ट्या झाल्या तर १५,००० होतात. आंबा कमी आला त्या वर्षी ते आपोआप कमी होणार, त्यामुळे सवय मोडायचं कारण नाही. मग त्यातूनच पोस्टात आवर्ती ठेव चालू करा, महिना १०० रुपयांपासून सुरू करता येते, पाच वर्षांची असते. पुढच्या वर्षी जमलं तर ५० चे ६० करा, एकदम दोनशे करू नका.

थोड्याथोडक्यातून काय होतं ते आपल्या आज्यापणज्यांनी करून दाखवलंय. पैसा फंड ऐकला असेल, माणशी एक-एक पैसा गोळा करून उभारलेला, त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला.

प्रश्न: सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. मिश्री लावायची जुनी सवय, दिवसातून सहा-सात वेळा. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसतोय, दुखत नाही म्हणून दाखवायला तयार नाहीत. मी म्हटलं आपण हळूहळू कमी करू, ह्या आठवड्यात सहा, पुढच्या आठवड्यात पाच. त्या हो म्हणतात पण दुपारी लपून लावतात. अजून कसं कमी करू?

इथे मी तुम्हाला वेगळं सांगणार आहे. वर सगळ्यांना हळूहळू म्हटलं, पण तंबाखू हळूहळू सोडू नका, आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. नवीन सवय लावणं आणि व्यसन सोडणं ह्यात फरक आहे. सहाची पाच झाली तरी प्रत्येक वेळी अंगाला तंबाखू मिळतेच आणि पुढच्या वेळेची ओढ तशीच राहते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ६९७ जणांवर केलेला अभ्यास आहे. अर्ध्यांनी दोन आठवड्यांत हळूहळू कमी करत सिगरेट सोडली, अर्ध्यांनी दिवस ठरवून एकदम, आणि चार आठवड्यांनी पाहिलं तर एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के टिकले होते, हळूहळूवाल्यांपैकी ३९ टक्के. ते सिगरेटवाले होते, मिश्रीवाले नव्हते, पण तंबाखू दोन्हीकडे तीच, त्यामुळे मी एकदमच म्हणेन. दोन्ही गटांना आधार दिला होता हेही लक्षात घ्या, माणसाला एकटं सोडलं नव्हतं.

तो आधार तुम्हालाही मिळेल. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, तिथे समुपदेशक बोलतात. दिवस सासूबाईंनाच ठरवू दे, एकादशी म्हणा, संकष्टी म्हणा, त्यांच्या मनाला जो मानवेल तो, त्यांनी ठरवला तर त्या पाळतील. त्याच्या आदल्या रात्री घरातली डबी, तवा, कागदातली पुडी, सगळं त्यांच्या हातानेच बाहेर काढायचं. पहिले काही दिवस चिडचिड होईल, डोकं दुखेल, पोट साफ होणार नाही. बऱ्याच जणींना मिश्रीशिवाय परसाकडेच होत नाही असं वाटतं, त्यासाठी आधीच कोमट पाणी आणि केळं ह्याची तयारी ठेवा. लपून लावतात म्हणून रागावू नका, पंचवीस-तीस वर्षांची ओढ आहे ती.

लहान लहान बदल लागतील ते ह्या रिकाम्या झालेल्या सहा वेळांसाठी. तिथे माझं खुंटीचं म्हणणं परत लागू होतं. बघा, त्या मिश्री कधी लावतात, उठल्यावर, चहानंतर, दुपारी पायरीवर बसून शेजारणीशी बोलताना? प्रत्येक वेळेला हाताला आणि तोंडाला दुसरं काहीतरी द्यायचं, उठल्यावर साधा ब्रश, चहानंतर बडीशेप किंवा लवंग, आणि दुपारच्या पायरीवरच्या वेळेला तुम्ही स्वतः. ती वेळ सगळ्यात अवघड असते कारण तिथे मिश्रीपेक्षा सोबत असते. पंधरा दिवस तुमचं दुपारचं काम बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी बसा, सुपात तांदूळ घेऊन निवडत बसा, त्यांनाही अर्धे द्या. शेजारीण मिश्री लावत असेल तर तिला विश्वासात घ्या, जमलं तर दोघींनी एकाच दिवशी सोडू दे.

पण ह्या सगळ्याच्या आधी तो चट्टा. दुखत नाही म्हणजे काही नाही असं नसतं, तंबाखूमुळे आलेला पांढरा चट्टा पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो, म्हणून तो दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बघायलाच हवा. मिश्री सुटायची वाट बघत थांबू नका. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवता येईल, मोठ्या तपासणीची गरज पडली तर ते पुढे पाठवतील. ह्याच आठवड्यात न्या. त्यांना सांगा की मिश्रीबद्दल कोणी काही बोलणार नाही, फक्त तोंड उघडून दाखवायचंय, आणि तुम्ही बरोबर जा.